तेंडोलकरांच्या माडीवरची विटांची भिंत

मंडळी, आजच्या कीर्तनात गोड काही मिळायचं नाही. आज मी चिडलोय! आधी उत्तर द्या — चूक करणारा मोठा पापी, की ती डोळ्यांनी बघून गप्प बसणारा? खाली बघू नका! ऐका.

वेंगुर्ल्याकडे दोन भाऊ. थोरला जनार्दन तेंडोलकर, धाकटा भालचंद्र. आई लवकर गेली. भालचंद्राला न्हाऊमाखू घातलं ते थोरल्याच्या बायकोनं, सुशीलावहिनीनं. आणि मोठेपणी भाऊ भांडले. कशावरून? माडाच्या एका झाडावरून! हसताय? तुमच्या घरातलं सांगू?

बोलणं बंद. माडी वाटून घ्यायची ठरली. माडीची जमीन लाकडी, तुळयांवर फळ्या ठोकलेल्या. जनार्दनानं विश्राम मेस्त्रीला बोलावलं. "मधोमध विटांची भिंत हवी!"

"दादानु, तिथे खाली तुळई नाही," मेस्त्री म्हणाला. "नुसत्या फळ्यांवर वीट नको. लाकडी चौकट करून फळ्या मारतो. हलकी होईल."

"फळीतून त्याचा आवाज येईल! मला त्याचा खोकलासुद्धा ऐकायचा नाही!"

मेस्त्री हत्यारं उचलून चालता झाला. दुसरा गवंडी आला — आणि भिंत उभी राहिली, पार आढ्यापर्यंत!

खाली वहिनीचं स्वयंपाकघर. डोळ्यांत मोतीबिंदू. म्हणायची, "अहो, भाकरीवर वरून भुसा पडतो." जनार्दन म्हणे, "वाळवी असेल."

पण भालचंद्र! विहिरीवर जाताना स्वयंपाकघराच्या खिडकीतून त्याला रोज दिसे — फळ्या खाली झुकल्यात, आज कालच्यापेक्षा जास्त! थांबायचा. बघायचा. आणि मनात म्हणायचा, 'भिंत त्याची. त्याचं तो बघेल.' आठ दिवस, मंडळी! आठ दिवस!

नवव्या दिवशी भर दुपारी भिंत फळ्यांसकट खाली आली. वहिनी चुलीपाशी होती. विटा उपसायला पहिला धावला तो भालचंद्रच. नखं तुटली त्याची. वहिनी वाचली — उजवा पाय गेला.

दवाखान्यात तिनं विचारलं, "भावजी, तुम्हांला दिसलं होतं?"

"दिसलं होतं, वहिनी."

"मग मला तरी सांगायचं. मी कुठे तुमच्याशी भांडले होते?"

तुम्ही काय सांगाल?

जनार्दन अडाणी, हेकट! पण याला तर सगळं कळत होतं! आणि तुम्हांलाही कळतंय! भावाच्या घरात, शेजारणीच्या घरात काय बिघडतंय ते बघताय, आणि अबोला धरून इथे टाळ वाजवताय? ठेवा ते टाळ! आरतीला थांबू नका. उठा, आधी त्यांच्या दारात जाऊन सांगून या. देव थांबेल. त्याला मी सांगतो!