मे महिन्याचं पाणी

आजच्या समारंभाच्या अध्यक्षा प्राचार्या हेमांगीताई, व्यासपीठावरचे पशुवैद्य डॉ. दीपेशजी, ज्यांना निरोप द्यायला आपण जमलो त्या वनस्पतिशास्त्राच्या प्राध्यापिका मैत्रीबाई तांबे, विद्यार्थी मित्रांनो आणि पंचक्रोशीतून आलेल्या माताभगिनींनो, सर्वांना माझा सलाम.

मी नजमुद्दीन मुकादम, गावचा माजी सरपंच. बाईंबद्दल चार चांगले शब्द बोलावेत म्हणून मला उभं केलंय. त्यांनी एकोणीस वर्षं दर महिन्याच्या एक तारखेला पुलावरून बादली सोडून नदीचं पाणी काढलं, हे तुम्ही पाहिलंय. पण त्या काय शोधत होत्या, हे किती जणांनी विचारलं? मी विचारलं नव्हतं.

त्यांनीच एकदा समजावलं. पावसाळ्यात नदी गढूळ असते, पण घाण वाहून जाते. थंडीत पाणी निवळतं, दगडांवर तपकिरी बुळबुळीत थर धरतो. एप्रिल-मेमध्ये धार आटते, मग गटारांचं आणि कारखान्याचं पाणी तेवढं उरतं आणि शेवाळ माजतं. पाणी तपासणारी माणसं मात्र मी दरवर्षी ऑगस्टमध्येच बोलावत असे. अहवाल छान यायचा. वरच्या अंगाच्या कारखान्यात गावची चाळीस पोरं कामाला होती. मी आणखी काय करणार होतो, असं तेव्हा वाटायचं.

तीन वर्षांपूर्वी एप्रिलअखेरीस बाई पंचायतीत आल्या. म्हणाल्या, "नजमुद्दीनभाई, घाटाखाली निळसर हिरवा थर आलाय. हे नेहमीचं शेवाळ नाही. यात विष असू शकतं. गुरं पाण्यावर नेऊ नका, अशी दवंडी द्या."

मी ऑगस्टचा अहवाल पुढे केला.

"हे पावसाळ्यातलं पाणी आहे," त्या म्हणाल्या. "मी मे महिन्याच्या पाण्याबद्दल बोलतेय."

त्यांनी लेखी पत्र दिलं. मी ते ड्रॉवरमध्ये ठेवलं. पाऊस आला की सगळं वाहून जाईल, असा हिशेब केला.

नवव्या दिवशी सकाळी घाटावरून बोलावणं आलं. सखुबाईंच्या चार म्हशी पाणी पिऊन वर चढल्या आणि तासाभरात एकेक करून खाली बसल्या. मी पोचलो तेव्हा शेवटची पाय झाडत होती, तोंडाला हिरवा फेस होता. डॉक्टरसाहेब धावत आले, पण हाती काही लागलं नाही. सखुबाई मला म्हणाल्या, "सरपंच, मीच पानी पाजलं. मला कुनी सांगितलंच न्हाय."

बाई गुडघाभर पाण्यात उतरून पोरांना बाहेर काढत होत्या. कोणीतरी ओरडलं, "बाई, तुमाला ठावं व्हतं ना? मग गप का ऱ्हायलात?" बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घातली. त्या परत पोरांकडे वळल्या.

तीन वर्षं हा ठपका त्यांच्या माथी आहे. सखुबाईंनी त्यांच्याशी बोलणं टाकलं. आज या सभागृहात दोघींच्या मध्ये सात खुर्च्या रिकाम्या आहेत.

परवा निमंत्रण आलं तेव्हा मी बाईंच्या घरी गेलो. विचारलं, तुम्ही पत्राचं का नाही सांगितलंत? त्या म्हणाल्या, "तुम्ही सांगाल म्हणून थांबले. मग फार उशीर झाला."

हे ते पत्र. वर पंचायतीचा शिक्का आहे, खाली माझी पोचपावतीची सही. हेमांगीताई, हे मोठ्याने वाचायला लावा. सखुबाई, तुमच्या म्हशी माझ्यामुळे गेल्या. बाईंनी वेळेवर सांगितलं होतं.

निरोपाच्या दिवशी हे बोलायला नको होतं, असं काहींना वाटेल. पण उद्या बाई पनवेलला लेकीकडे जातील, आणि तो ठपका इथेच राहील.

आपण ऐकून घेतलंत, संयोजकांनी वेळ दिला, आभारी आहे. बोलण्यात काही कमीजास्त झालं असेल तर सांभाळून घ्या. जे केलं, ते मात्र सांभाळून घेऊ नका.