धक्के काढून द्या

जबाब देणार : जांगिल ओमुरोवा, वय ४३ वर्षे, धंदा समारंभांचे व्हिडिओ जुळवून देणे, दुकान व राहणे एकाच ठिकाणी, बाजारामागची गल्ली, नारीन.

मी पोलीस ठाण्यात स्वतः हजर राहून, विचारल्यावरून सांगते की, दुकान माझ्या नावावर आहे आणि मी एकटीच ते चालवते. मी ड्रोन उडवत नाही. आता घरटी एक दिवटा पुतण्या ड्रोन घेऊन बसलेला असतो. त्याने करून ठेवलेलं मी निस्तरते.

माझ्याविरुद्ध बुरमाकान नावाच्या बाईने तक्रार दिली आहे की मी त्यांच्या घरच्या कार्याचा व्हिडिओ मुद्दाम बिघडवला आणि घराण्याची अब्रू घालवली. तक्रार मला वाचून दाखवली. त्यावर माझं म्हणणं पुढीलप्रमाणे.

मागच्या सोमवारी दुपारी बुरमाकान दुकानात आली. मी तिला ओळखते, तिच्या दोन्ही मुलांच्या लग्नांचे व्हिडिओ मीच केले. तिने ड्रोनचं कार्ड माझ्या टेबलावर ठेवलं आणि म्हणाली, "जांगिल, पुतण्याचं लग्न ठरलं बाई एकदाचं. तिलेकचं. मुलगी घरी आणली परवा. आमच्या उलानने घरातच ड्रोन उडवून व्हिडिओ काढलाय, पण बघ कसा उचकी लागल्यासारखा चालतो. धक्के काढून दे आणि वर एखादं छान गाणं घाल."

"घाई आहे का?" मी विचारलं.

"शुक्रवारी मुलीचे वडील येतायत. राग शांत करायची बैठक आहे. मेंढा कापायचा, त्यांना मानाचा अंगरखा घालायचा. आणि टीव्हीवर हा व्हिडिओ लावायचा. मुलगी किती मजेत घरात आली ते त्यांनी डोळ्यांनी बघावं, म्हणजे तोंड बंद."

मुलीचं नाव तिने आपणहून सांगितलं नाही. मी विचारल्यावर तिला आठवायला वेळ लागला. मुलगी म्हणजे बेगिमाय, नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. शिक्षणाचं मला नंतर कळलं.

व्हिडिओ अडखळत असला की मी आधी आपलाच संगणक तपासते. जड व्हिडिओ चालवताना तो बापडा धापा टाकतो आणि लोक कॅमेऱ्याला शिव्या देतात. मी हलकी प्रत काढून पाहिली. धक्के तसेच. मग चित्रावरून सरकणाऱ्या काळ्या पट्ट्या पाहिल्या. त्या घरातल्या दिव्यांमुळे येतात, त्या मी घालवल्या. कार्ड मंद असलं की मधली चित्रं गळतात, पण कार्ड चांगलं निघालं, एकही चित्र गळलेलं नव्हतं. धक्के मात्र होते तिथेच होते, आणि प्रत्येक वेळी सगळं चित्र मागे ढकलल्यासारखं हलत होतं.

म्हणून मी उलानला फोन केला. तो तिलेकचा चुलतभाऊ, वय वीसच्या आसपास. त्याने सांगितलं, "ताई, खोलीत झुंबर आहे, म्हणून मी ड्रोन दारातच तरंगत ठेवला होता. समोर कुणी आलं की तो आपोआप मागं सरकतो. त्याला मी काय करू? ती सारखी दाराकडे धावत होती ना!"

मी म्हटलं, "कोण?"

तो म्हणाला, "नवरी, दुसरं कोण?" आणि हसला. तो हसला हे जबाबात लिहावं अशी माझी विनंती आहे.

त्यानंतर मी तो व्हिडिओ एकेक चित्र करून पाहिला. जिथे जिथे धक्का, तिथे तिथे ती मुलगी दारात आहे. घरातल्या बायका तिच्या डोक्यावर पांढरा रुमाल टाकतात, तो डोक्यावर राहिला की मुलगी त्या घरची झाली, पण ती तो ओढून फेकते आणि उठून पळते. नेहमीच्या वेगात हे सगळं धमाल चाललंय असं वाटतं, बायका टाळ्या वाजवताना दिसतात. शेवटी तिलेकची आजी उंबऱ्यावर आडवी पडते. आमच्यात म्हाताऱ्या माणसाला ओलांडून जाणं म्हणजे शाप ओढवून घेणं. मुलगी तिथे थांबते. शेवटच्या तुकड्यात ती हसतेय असं बुरमाकान म्हणाली होती. ते हसू नाही. कडेला उभ्या असलेल्या बाईने दोन बोटांनी तिचा गाल दाबून वर उचलला आहे. त्या बोटांतली अंगठी मी ओळखते. ती बुरमाकानची आहे. हे पाहून मला किळस आली आणि मी दुकान बंद करून बाहेर जाऊन उभी राहिले.

दुसऱ्या दिवशी मी बुरमाकानला बोलावून पडद्यावर दाखवलं. म्हटलं, "अहो, ही पळतेय."

"सगळ्याच पळतात गं. मीही पळाले होते. आता बघ, पाच लेकरं आहेत, दूधदुभतं आहे. आणि ड्रोनला कुठे कान असतात? आवाज काही आलेला नाही. तू फक्त धक्के काढ."

"धक्के काढायचे म्हणजे तिलाच काढावं लागेल."

"मग काढ की! शेवटचं हसू तेवढं ठेव. शहाणपणा मला शिकवू नकोस, तुझी आई कशी आली होती ते विचार जरा तिला."

माझ्या आईबद्दल मला या जबाबात काही लिहायचं नाही.

तेव्हाच पोलिसांकडे का आला नाहीत असं विचारल्यावरून सांगते की, मुलगी उचलून आणून अडकवून ठेवली आहे, असा मी त्याच दिवशी या ठाण्यात फोन केला होता. ही घरातली बाब आहे, मोठी माणसं शुक्रवारी बसणारच आहेत, असं मला सांगण्यात आलं. फोन कुणी उचलला हे मला माहीत आहे, विचारलं तर सांगेन. मला विचारलं गेलेलं नाही.

मग मी काम पूर्ण केलं. एकही तुकडा कापला नाही. जिथे धक्का होता तिथे वेग कमी केला आणि दोन चित्रांच्या मधली जागा भरली. असं केल्यावर धक्का जाणवत नाही. गाणं घातलं नाही.

शुक्रवारी टीव्हीला वायर जोडून देण्यासाठी मला बुरमाकाननेच बोलावलं होतं. मुलीचे वडील सापार, त्यांच्याबरोबर मुलीचा मामा, असे दोघे वरच्या बाजूला बसले होते. सापार यांच्या खांद्यावर नवा अंगरखा घातलेला होता. समोर बोरसोकचे, म्हणजे तळलेल्या पिठाच्या तुकड्यांचे, ढीग होते आणि चहा चालू होता. बेगिमाय कोपऱ्यात, नवरीसाठी टांगलेल्या कापडी पडद्याआड बसलेली होती. तिलेक दाराजवळ खाली मान घालून बसला होता. त्याला कुणी काही विचारत नव्हतं. मी व्हिडिओ सुरू केला.

पहिला रुमाल पडला तेव्हा मंडळी हसत होती. मग वेग कमी झाला. मुलगी दाराकडे येते, तिला मागे ओढतात, ती पुन्हा येते. प्रत्येक वेळी तिचा चेहरा पडदाभर मोठा होतो आणि तोंड उघडलेलं दिसतं. बुरमाकान मला म्हणाली, "बंद कर गं ते." मी बंद केलं नाही. बोटांनी दाबलेला गाल आला तेव्हा सापार यांनी अंगरखा काढून शेजारी ठेवला.

"बेगिमाय, चल घरी," ते म्हणाले.

पडद्याआडून ती लगेच उठली. चपला तिने हातात घेतल्या होत्या. तेवढ्यात म्हातारी पुन्हा उंबऱ्यावर जाऊन आडवी पडली. बायका ओरडू लागल्या, "ओलांडू नका, शाप लागेल!" सापार यांनी ओलांडलं नाही. त्यांनी आणि मामांनी म्हातारीच्या अंगाखालचा लोकरी गालिचा दोन्ही टोकांनी उचलला आणि तिला गालिच्यासकट चुलीपाशी नेऊन ठेवलं. मामा म्हणाले, "आजी, दारात थंडी लागेल, इथं झोपा." मुलगी बाहेर पडली. मला खूप बरं वाटलं, हेही लिहावं.

तक्रारीबद्दल माझं म्हणणं असं की, मला धक्के काढायला सांगितलं होतं आणि ते निघालेले आहेत. कुणीही जाणकाराने तपासून पाहावं. ज्या व्हिडिओमुळे अब्रू गेली म्हणतात तो त्यांनी स्वतः काढला, स्वतः आणून दिला आणि पाहुण्यांपुढे स्वतः लावायला सांगितला. अशा घराची अब्रू मी काय घालवणार? त्यांनी मूळ कार्ड परत मागितलं आहे. ते मी आज पाकिटात बंद करून ठाण्यात जमा केलं आहे. ते तक्रारदाराच्या हाती देऊ नये. बेगिमाय स्वतःची फिर्याद देणार आहे आणि ते कार्ड तिच्या कामाचं आहे.

लिहून झालेला जबाब मला मोठ्याने वाचून दाखवला. त्यात ठिकठिकाणी "सदर घरची सून" असं आलं होतं. मी वाचन थांबवलं. ती त्या घरची सून कधीच नव्हती. तशा प्रत्येक ठिकाणी खोडून "बेगिमाय सापार कीझी, राहणार वडिलांकडे" असं, म्हणजे सापारची मुलगी असं, मी लिहून घेतलं आणि प्रत्येक खोडाखोडीपुढे सही केली. आता मी बोलले ते आणि कागदावर आहे ते एकच आहे.

(सही) जां. ओमुरोवा