रविवारी पुढे कोण खेळणार?

शनिवार पेठेतल्या फिजिओथेरपीच्या दवाखान्यात ऋतुजा काउंटरवर बसायची. समोरच्या बाकावर फुटबॉल क्लबचे कोच बद्रीनाथ सर आणि गुडघ्याला पट्टा बांधलेला त्यांचा जुना स्ट्रायकर पियुष बसले होते. ऋतुजाची नजर कॉम्प्युटरवर होती, कान मात्र बाकाकडे.

“रविवारी पुढे तूच.”

“सर, मला जिना उतरता येत नाही.”

“मैदानात जिना कुठे असतो?”

“अकादमीतला अभिनव आहे की. रोज गोल मारतो.”

“सरावात मारतो. मॅचचा अनुभव नको?”

“मग मॅच द्या.”

“परवा दिली नव्हती का?”

“दिलीत ना! शेवटच्या मिनिटाला, वेळ काढायला. पोरगा धावत आत गेला, शिट्टी वाजली, धावत बाहेर आला.”

“कोवळ्या पोरांवर दडपण टाकू नये.”

“बरोबर. माझ्या वयाचा झाला की टाका.”

“टोमणे पुरे. क्लबचं भविष्य आहे तो.”

“म्हणूनच बाकावर जपून ठेवलाय.”

ऋतुजाने पियुषचं नाव पुकारलं. त्याने बाक धरून जोर लावला, पण गुडघा साथ देईना.

“सर, जरा हात द्या.”

सरांनी दोन्ही हातांनी ओढून त्याला उभं केलं.

“बघ, उठलास की! रविवारी पुढे तूच.”