गाडी उचलताना

बायको: बंद पडली! अहो, परत बंद पडली. काय करू आता?

मिस्त्री: क्लच दाब. पूर्ण दाब. किल्ली फिरव.

बायको: दाबलाय हो! पाय नुसता थरथरतोय माझा.

मिस्त्री: पाय नाही थरथरत. गाडी थरथरतेय. उचलताना थरथरते म्हणून तर आलीय गॅरेजात.

बायको: म्हणजे ही अशी आहे हे ठाऊक होतं तुम्हाला? आणि हिच्यातच बसवलंत मला?

मिस्त्री: दुसरी कुठली होती? एकीचं इंजिन खाली काढलेलं, दुसरीला चाकं नाहीत. आपली व्हॅन धाकटा घेऊन गेलाय. झाली चालू? आता सोड हळूहळू.

बायको: सोडते... अगं आई! हे कसले गचके! लागलं का तुम्हाला? कळ आली का छातीत?

मिस्त्री: कळ आहेच. गचक्यांनी तिचं काही बिघडत नाही. चल पुढे.

बायको: चालली. चालली बाई एकदाची. आणि ती अॅम्ब्युलन्सवाली फोनवर म्हणते, तासभर लागेल, पेशंटला शांत बसवून ठेवा. शांत! इथे माणूस घामानं निथळतोय, ओठ पांढरे फटक पडलेत आणि हिला...

मिस्त्री: दुसरा टाक.

बायको: काय?

मिस्त्री: दुसरा गिअर. ओरडतेय गाडी.

बायको: ओरडू दे. मीही ओरडतेच आहे. औषधवाल्यानं दिलेली गोळी चघळलीत ना? सगळी?

मिस्त्री: सगळी.

बायको: आणि आडवे होऊ नका. टेकून बसा. दिसत नाही हो मला मागचं, बोलत राहा काहीतरी. कुठं दुखतंय आता?

मिस्त्री: हातात उतरलंय. जबड्यातही. पुढे सिग्नल आहे, बघ.

बायको: लाल आहे. घुसवू का तशीच?

मिस्त्री: बसखाली घुसवतेस का? थांब. न्यूट्रल कर. क्लचवर पाय ठेवून बसू नकोस.

बायको: रस्त्यावर गाडी कधी दिलीत तुम्ही मला? अंगणात मागे घे, पुढे घे, धुवायला लाव. एवढंच माझं ड्रायव्हिंग. कितीदा म्हटलं, शिकवा मला नीट, वेळप्रसंग येतो. तर म्हणे, मी आहे ना. आता बघा, आहात तर मागच्या सीटवर.

मिस्त्री: हिरवा झाला. पहिला टाक. सोड.

बायको: सोडते... परत तेच! दात वाजताहेत माझे!

मिस्त्री: ऐकलंस?

बायको: काय ऐकू?

मिस्त्री: आधी टक वाजलं. पुढून. मग थरथर सुरू झाली.

बायको: अहो, गाडीचं काय घेऊन बसलात! छातीचं बोला!

मिस्त्री: छातीचं मला कळत नाही. गाडीचं कळतं.

बायको: कधीपासून होतंय हे? सकाळपासून म्हणालात ते खोटं होतं ना? खरं सांगा. डॉक्टर मलाच विचारतील.

मिस्त्री: जॅक चढवताना दम लागायचा.

बायको: कधीपासून?

मिस्त्री: महिना झाला असेल.

बायको: महिना! आणि माझ्याशी चकार शब्द नाही? गिऱ्हाईक आलं की त्याला खोदून खोदून विचारता. थंड असताना होतं का, तापल्यावर होतं का, चढावर जास्त होतं का. त्याची पार उलटतपासणी घेता. आणि स्वतःचं?

मिस्त्री: चढावर.

बायको: काय चढावर?

मिस्त्री: चढावर जास्त व्हायचं. आणि तापल्यावर.

बायको: हसू नका हो! मला रडू आवरत नाही आणि तुम्ही... समोरचं दिसेनासं झालंय मला.

मिस्त्री: पूस डोळे. डावीकडे घे. बाजारातून जवळ पडेल.

बायको: धाकट्यालाही लावला फोन. तुमच्याच फोनवरून लावला, माझा घरीच राहिला. वाजतो आणि कट होतो. उचलतच नाही.

मिस्त्री: दादा असं नाव दिसत असेल त्याला.

बायको: दिसणारच. गिऱ्हाइकासमोर काय बोललात त्याला? ह्याच गाडीवरून ना?

मिस्त्री: ह्याच. थरथरते म्हणून त्यानं नवी क्लचप्लेट टाकली. गाडी गेली आणि आठवड्यात परत आली. थरथर होती तशीच. गिऱ्हाईक तावातावानं भांडायला लागलं, आणि मी...

बायको: मी स्वयंपाकघरात होते. गल्लीनं ऐकलं सगळ्या. तुझ्या हाताला अक्कल नाही, म्हणालात. एवढ्या मोठ्या भावाला! तेव्हापासून तुमच्या पंगतीला बसत नाही तो. ताट घेऊन मागच्या पायरीवर जातो. मी दोघांच्या मध्ये वाढणारी बाई... अरे देवा, हे काय! ट्रक आडवा लावलाय. सामान उतरवताहेत. ओ भाऊ! भाऊ, पेशंट आहे गाडीत! बाजूला घ्या!

मिस्त्री: त्याला वेळ लागेल. मागे घे तू. पाठीमागच्या बोळातून निघ.

बायको: मागे? एवढ्या गर्दीत?

मिस्त्री: अंगणात रोज घेतेस की. रिव्हर्स टाक. मान वळवून बघ, आरशावर जाऊ नकोस.

बायको: सरका हो, सरका सगळे! येतेय... येतेय... घासली का कुठे?

मिस्त्री: नाही घासली. अगं...

बायको: काय? काय होतंय? दुखतंय?

मिस्त्री: थरथरली नाही.

बायको: कोण?

मिस्त्री: गाडी. रिव्हर्सला थरथरली नाही. जरासुद्धा नाही. परत एकदा घे मागे.

बायको: वेड लागलंय का तुम्हाला? इथे जीव टांगणीला लागलाय आणि...

मिस्त्री: वळवायला घ्यावीच लागेल. घे थोडी. हां... बघ. गुळगुळीत उचलली. आता पुढे टाक. बघ! टक, आणि थरथर. प्लेट नाही ही.

बायको: मग काय आहे ते असू दे ना! झालं का बोळातून नीट? आता कुठे?

मिस्त्री: सरळ. पुलावरून. प्लेट जळलेली असती, तेल लागलेलं असतं, तर दोन्हीकडे थरथरली असती. पुढेही आणि मागेही. हिचं इंजिन ज्याच्यावर बसतं ना, ते रबर. माउंटिंग. तुटलंय पुढचं. गाडी पुढे उचलली की इंजिन एका बाजूला उचललं जातं, टक करून आपटतं आणि मग सगळंच हादरतं. मागे घेताना उलट्या बाजूला बसून राहतं. त्यानं टाकलेली प्लेट बरोबर होती.

बायको: ऐकतेय मी. बोला.

मिस्त्री: त्याची प्लेट बरोबर होती गं.

बायको: हो. पूल आला. सगळ्या गाड्या थांबल्यात. चढावरच थांबल्यात. आता काय करू? मागे घसरणार मी!

मिस्त्री: हँडब्रेक.

बायको: ओढला. पुढचा हलला. आता?

मिस्त्री: रेस दे. थोडी जास्त दे. क्लच अर्ध्यावर आला की... थांब... श्वास...

बायको: सावकाश. श्वास घ्या. मी थांबते. वाजवू देत हॉर्न, फुटू देत माझे कान.

मिस्त्री: अर्ध्यावर आला की तिथे रेंगाळू नकोस. तिथेच थरथरते. तिथून पटकन पुढे... घाबरायचं नाही... सोडून द्यायचा.

बायको: रेस देते. अर्ध्यावर... गेली बंद! मेली बंद पडली!

मिस्त्री: परत.

बायको: परत. किल्ली. क्लच. रेस. ओ मागचे, दम धरा जरा! तुमच्या घरी कुणी नाही का? अहो, बोला ना. मग काय करायचं होतं? अर्ध्यावर रेंगाळायचं नाही, मग? ... अहो? ... झोपू नका. मला प्लेटचं सांगा. जळली की वास येतो का? कसला वास येतो? ... माउंटिंगचं सांगा, बदलायला किती वेळ लागतो? इंजिन खाली काढावं लागतं का? सांगा ना! एरवी कुणी विचारलं की तासभर बोलता. मीच विचारलं नाही कधी. आता विचारतेय की! ... ओ! ऐकताय ना? नुसतं हं म्हणा.

मिस्त्री: ...धाकट्याला...

बायको: हां, बोला. धाकट्याला काय?

मिस्त्री: सांग त्याला. प्लेटचं.

बायको: तुम्हीच सांगायचं ते. मी नाही सांगणार. तुम्ही सांगा, स्वतःच्या तोंडानं. ऐकलंत का? ... अहो? ... नको. असं नका करू. हँडब्रेक, रेस, अर्ध्यावर, सोड. सोड गं बाई, सोड! ... उचलली! अहो, उचलली मी! चढलो आपण! पूल चढलो, बघा तरी... डोळे उघडा... बघा ना हो...

(रुग्णालयाचा व्हरांडा. बायको बाकावर बसली आहे. धाकटा धावत येतो.)

धाकटा: वहिनी! वहिनी, कुठाय दादा? औषधवाला म्हणाला इथे आणलंय.

बायको: आत आहेत.

धाकटा: आत म्हणजे? बोलतोय का? काय म्हणाले डॉक्टर?

बायको: दारातच हृदय बंद पडलं त्यांचं. मी हॉर्नवरचा हात काढला नव्हता अजून. धावत आले सगळे, तिथेच फरशीवर ठेवलं, छाती दाबली, यंत्र लावलं. चालू झालं परत. शीर बंद झालीय म्हणाले. उघडायला नेलंय. कधीचं नेलंय.

धाकटा: आणि तू आणलंस? एकटीनं? कशातून?

बायको: ती थरथरणारी गाडी. बाहेर उभी आहे, अर्धी फुटपाथवर. किल्लीसुद्धा आत राहिली असेल.

धाकटा: ती? ती तर मलाही धड... वहिनी, फोन आला होता गं. दादाचं नाव बघितलं आणि वाटलं, परत शिव्या घालणार. म्हणून कट केला. परत आला, परत कट केला. मला काय ठाऊक तू लावतेयस! स्पेअर पार्टच्या दुकानात काउंटरवर उभा होतो, काही काम नव्हतं हातात. नुसता उभा होतो.

बायको: बस इथे.

धाकटा: मी असतो तर व्हॅननं लगेच...

बायको: बस म्हणते ना. पाणी पी. असतास तर आणलं असतंस, नव्हतास तर मी आणलं. तो हिशेब आता नको. मला झेपणार नाही.

धाकटा: रागावली असशील माझ्यावर.

बायको: पुलावर असताना इतकी रागावले होते, तू समोर असतास तर गाडी घातली असती अंगावर. आता राग करायलासुद्धा अंगात त्राण नाही.

धाकटा: काही बोलला का? येताना?

बायको: बोलले की. गाडीचंच बोलत होते सारखे. रिव्हर्सला थरथरत नाही म्हणाले. म्हणजे प्लेट नाही, पुढचं माउंटिंग तुटलंय.

धाकटा: माउंटिंग...

बायको: तुझी प्लेट बरोबर होती म्हणाले. दोनदा म्हणाले.

धाकटा: दादा म्हणाला? असं?

बायको: तुला सांग म्हणाले. मी म्हटलं, तुम्हीच सांगा. आणि मग ते बोलेचनात. काय दुर्बुद्धी झाली मला! हो, सांगते, एवढं म्हणायला काय जात होतं माझं? माणूस त्यावर निश्चिंत तरी झाला असता.

धाकटा: रडू नकोस गं. मी... रिव्हर्सला मी टाकूनच बघितली नाही. एवढं साधं. पुढे चालवली, थरथरली, खोलली. माझंही चुकलंच की. प्लेट बरोबर होती, पण बघितलं नाही ते नाहीच.

बायको: ते तुम्ही दोघं बघा. माझ्या डोक्यात अजून ते टक वाजतंय.

नर्स: मिस्त्रींबरोबर कोण आहे?

बायको: मी. मी त्यांची बायको. काय झालं? सांगा पटकन.

नर्स: शीर उघडली. नाडी लागलीय नीट. शुद्धीवर आहेत, पण आजची रात्र धोक्याची आहे, हे डॉक्टरही सांगतील तुम्हाला. हृदयाचा एक भाग दुबळा झालाय. जड उचलणं वगैरे विसरायचं यापुढे.

बायको: विसरू. सगळं विसरू. बोलतात का?

नर्स: थोडं थोडं. एकानंच जायचं आत, आणि लगेच बाहेर यायचं. कोण येताय?

धाकटा: जा वहिनी.

बायको: तू जा.

धाकटा: मी? अगं, तुला बघायचं असेल ना त्याला. पहिली तू जा.

बायको: मी वाटभर बोललेय त्यांच्याशी. तू कधीपासून बोलला नाहीस. जा.

धाकटा: काय बोलू पण? आत जाऊन नुसता उभा राहीन मी.

बायको: काहीही बोल. फक्त पहिलं तू बोल. त्यांना श्वास पुरत नाही अजून.