लाल दिव्याची तार

(नागापूर, १९७३. मच्छिंद्र वायरमनचं दुकान. दारात एक जीप, बॉनेट उघडं.)

आसाराम: तसं न्हाई मिस्त्री, मला गाडी नकोच हाय. मला निस्ता दिवा बघायचाय.

मच्छिंद्र: कुठला दिवा?

आसाराम: ऑइलचा. लाल. एकदा चावी फिरवून दाखवा, मी आल्या वाटेनं जातो.

मच्छिंद्र: चार वाजता पाटील न्यायला येणार आहेत. त्यांनी कामावरून काढलेला ड्रायव्हर त्यांच्याच गाडीपाशी दिसला, तर काय म्हणतील? आणि जीप इथं आलीय हे सांगितलं कुणी तुम्हाला?

आसाराम: वहिनींनी.

मच्छिंद्र: मनकर्णेनं?

मनकर्णा: हो, मीच. बाजारात यांची दगडाबाई भेटली, तिच्यापाशी निरोप दिला. बसा भाऊजी, चहा ठेवलाय.

मच्छिंद्र: मला विचारायचं तरी.

मनकर्णा: विचारलं असतं तर नको म्हणाला असतात.

आसाराम: माझ्यापायी भांडू नका. मिस्त्री, परवा नगरला एस्टीची चाचनी हाय. ड्रायवरची. कागद आलाय. दगडाबाई म्हनती जा. मी म्हनतो, न्हाई जायचं.

मच्छिंद्र: का? बारा वर्षं गाडी चालवलीत.

आसाराम: बारा वर्सं चालवली, आन तेराव्याला इमामपूरच्या घाटात इंजान जाम केलं. मागं पाटलाची लेक पुष्पावती, कळा सुरू झालेल्या. ऑइलची नळी तडकली, समदं ऑइल रस्त्यावर. असं झालं की लाल दिवा लागतोच. पाटील म्हनलं, लागला असंल, तूच झोपला हुतास. समद्या गावापुढं म्हनलं. मी म्हनलो, न्हाई लागला. पन सहा म्हैनं झालं. आता माझं मलाच वाटतंय, लागला असंल. मला दिसला न्हाई.

मच्छिंद्र: बाळ-बाळंतीण सुखरूप आहेत ना?

आसाराम: ते कांद्याचा ट्रक थांबला म्हनून. पोरगी ट्रकातच झाली. तिला घरात समदी 'क्लीनर' म्हनत्यात आन हसत्यात. मला न्हाई हसू येत. चार मान्सं मागं बसवून ही गत, एस्टीत तर पन्नास बसत्यात.

मच्छिंद्र: डोळे दाखवलेत?

आसाराम: दाखवलं की. डाक्टर म्हनला, लांबचं, जवळचं, समदं ठीक. मग दिवा का दिसला न्हाई? एक तर दिवा बिघडला हुता, न्हाई तर मी. घाटानंतर दोनदा आलो हुतो तुमच्याकडं. तुमी म्हनलात, वायरिंग चोख हाय. आज माझ्या डोळ्यांनी बघतो. दिवा बंद असंल, तर परवा नगरला जातो. लागत असंल, तर पाझर तलावावर माती वाहतोयच, ती वाहीन जलमभर.

मच्छिंद्र: उगाच टोकाचं बोलताय.

मनकर्णा: फिरवा ना चावी.

मच्छिंद्र: फिरवतो. हे बघा.

आसाराम: दोन्ही लागलं. लाल बी, अन् शेजारचा चार्जिंगचा पिवळा बी. वायरिंग तवाचीच ना?

मच्छिंद्र: तशीच आहे. इंजिन दुरुस्त होऊन काल आलं, सकाळी मीच जोडलं. होतं तसं.

आसाराम: आता चालू करा. हां... विझलं. दोन्ही विझलं. म्हंजे दिवा चांगला हाय. बरं झालं मिस्त्री, एकदाचा निकाल लागला. येतो मी.

मनकर्णा: चहा न घेता?

आसाराम: नको वहिनी. ह्या इंजनाची ही एक गोष्ट मला लई आवडायची बघा. मागलं पेट्रोलचं इंजान हुतं, त्याला आधी एक दिवा विझायचा, मग मागून दुसरा. हे डिझेलचं बसवलं, तवापासनं दोन्ही एका दमात. मी म्हनायचो, नव्याचं काम पक्कं.

मनकर्णा: अहो, ऐकलंत?

मच्छिंद्र: ऐकलं.

मनकर्णा: मग?

मच्छिंद्र: इतकं बारीक दिसायचं तुम्हाला, आसाराम?

आसाराम: रोज दिसायचं. का?

मच्छिंद्र: थांबा. जाऊ नका. आधी हे बंद करतो.

मनकर्णा: चावी काढली तरी घुरघुरतंय की!

आसाराम: डिझेल हाय ते वहिनी, चावीला इचारत न्हाई. ती दांडी वडावी लागती. वडा मिस्त्री.

मच्छिंद्र: आता इकडं या, बॉनेटपाशी. ही लाल तार दिव्याकडून आलीय. तिच्यावर बोट ठेवा आणि फिरवत पुढं जा. घाई करू नका.

आसाराम: हितनं पत्र्यातून भाईर... खाली... हितं पिवळी बी संगती आली. दोन्ही एकत्र चालल्यात... अन् हे... हा तर डायनामो.

मच्छिंद्र: हो.

आसाराम: दोन्ही डायनामोवर? लाल तर इंजनाला जायला पायजे, ऑइलच्या स्विचाला.

मच्छिंद्र: जायला पाहिजे. ऑइलचा दाब पडला की तो स्विच दिवा लावतो. जुन्या इंजिनाचा स्विच या इंजिनाला बसेना, आटे वेगळे. मुंबईहून मागवला. पाटलांना दुसऱ्या दिवशी लग्नाला जायचं होतं. म्हणाले, दिवा लागला पाहिजे आणि विझला पाहिजे, बाकीचं पुराण मला सांगू नकोस. मी तार डायनामोला जोडली. डायनामो फिरायला लागला की दिवा विझतो. मग ऑइल असो की नसो.

आसाराम: म्हंजे घाटात...

मच्छिंद्र: घाटात इंजिन जाम होईपर्यंत तो लागलाच नाही. लागणारच नव्हता. तुमचे डोळे चांगले आहेत.

मनकर्णा: त्या पत्र्याच्या डब्यात काय आहे, तेही दाखवा.

मच्छिंद्र: स्विच आहे. आठ दिवसांत आला होता. गाडी तेव्हा नेवाशाला. म्हटलं, सर्व्हिसिंगला येईल तेव्हा बसवू. आणि मग तो घाट झाला.

आसाराम: आन तुमी सहा म्हैनं गप.

मच्छिंद्र: गप.

आसाराम: मी दोनदा आलो, तवा ह्यो डबा हितंच हुता?

मच्छिंद्र: इथंच. फळीवर.

मनकर्णा: सकाळचं सांगा.

मच्छिंद्र: सांगतो ना. सकाळी स्विच हातात घेतला होता. मग वाटलं, पाटील बॉनेट उघडतील, विचारतील, हे नवीन काय, आधी कुठं होतं? डब्यात टाकला परत. तार पुन्हा डायनामोलाच जोडली.

आसाराम: ही गाडी आता छगन चालवनार हाय. पोरं लहान हायेत त्याची.

मच्छिंद्र: माहीत आहे. दोन शिव्या तरी द्या, आसाराम.

आसाराम: देतो की. पन माझ्या एकट्याच्या न्हाईत त्या. निम्म्या दगडाबाईच्या हायेत, त्या तिच्या तिला देऊ दे. तिची जीभ माझ्यापेक्षा बरी हाय.

मच्छिंद्र: तो पाना द्या इकडं. दहा मिनिटांत स्विच बसवतो.

आसाराम: हात लावू नका!

मच्छिंद्र: अहो, नीटच करतोय.

आसाराम: आत्ता तार काढली, की मागं काय ऱ्हायलं? माझा शब्द आन तुमचा शब्द. माझ्या शब्दाचं काय झालं ते बघितलंय मी. तार हाय तिथंच ऱ्हाऊ द्या. पाटील येऊ द्या.

मच्छिंद्र: पाटलांच्या एका शब्दावर नेवाशाच्या निम्म्या गाड्या माझ्याकडं येतात.

आसाराम: व्हय. येत असतील.

मच्छिंद्र: उद्यापासून एकही यायची नाही.

मनकर्णा: नाही तर नाही. मोटारी वाइंड करा विहिरींवरच्या. ते तुम्हाला येतं.

मच्छिंद्र: तू आधीच ठरवून ठेवलंस वाटतं.

मनकर्णा: सहा महिने झाले, तुम्ही जेवताना त्या फळीकडं पाठ करून बसता. मी काय ठरवणार?

आसाराम: वहिनी, तो चहा हाय का अजून?

मनकर्णा: गार झाला. नवा टाकते.

आसाराम: मिस्त्री, परवाच्या चाचनीला म्हनं इंजनाचं बी इचारत्यात.

मच्छिंद्र: विचारतात. तुम्हाला येईल सगळं.

आसाराम: मग तो स्विच जरा हातात द्या. बघून ठिवतो... एवढासाच असतो व्हय.

मच्छिंद्र: एवढासाच.

मनकर्णा: अहो, पाटील आले. छगनही आहे बरोबर.

आसाराम: मी भाईर थांबू का?

मच्छिंद्र: नाही. इथंच थांबा, माझ्या शेजारी. या पाटील. नाही, गाडी झालेली नाही अजून. जरा अलीकडं या, उजेडात. ही लाल तार दिसते ना? तिच्यावर बोट ठेवा.