हनुवटीवरचा काप

बारक्या : चेष्टा नकोय. दाढी कर म्हटलं ना!

न्हाव्याची लेक : कुठली? दाखव तरी. भिंग आणू का?

बारक्या : हास. तुझे बाबा गिऱ्हाइकाला असे हसायचे का?

न्हाव्याची लेक : बाबा असते तर कान धरून घरी पोचवलं असतं तुला. ते तिकडे फौजेची डोकी भादरतायत, म्हणून वस्तरा माझ्या हातात आला. बस खुर्चीवर. दाढी कशाला हवीय पण?

बारक्या : उद्या भरती आहे.

न्हाव्याची लेक : अठरा पूर्ण लागतात. तू तर माझ्याच वर्गातला, सोळाचा.

बारक्या : अठराच सांगणार. मागच्या खेपेला डॉक्टरनं गालावरून बोट फिरवलं न् म्हणाला, "जा बाळ, दूध पिऊन ये." अख्खी रांग खिदळली. इकडे गल्लीत विचारतात, थोरला लढाईत कामी आला, धाकटा काय माशा मारतोय? तूच सांग, काय तोंड दाखवू?

न्हाव्याची लेक : मी मुलगा असते ना, तर कधीच गेले असते.

बारक्या : मग कर की!

न्हाव्याची लेक : अरे, गुळगुळीत गालावर वस्तरा फिरवून काय दिसणार? नवशिक्याची दाढी कशी ओळखतात माहितीय? कापावरून. हनुवटीवर एक ताजा काप असला, की डॉक्टर बोट लावायचा नाही.

बारक्या : खरंच? मार मग.

न्हाव्याची लेक : मान वर कर. आणि हलू नकोस, नाहीतर भरतीऐवजी दवाखान्यात जाशील.

(त्याच आठवड्यात, एका सकाळी. तेच दुकान.)

बारक्याची आई : दुकान बंद कर पोरी. चल माझ्याबरोबर.

न्हाव्याची लेक : काकू, बसा आधी. केवढी धाप लागलीय!

बारक्याची आई : बारक्याला घेतलं गं फौजेत. दुपारी गाड्या सुटतायत. साहेबाच्या हातापाया पडले, म्हटलं, सोळाचं पोर आहे, एक दिलाय, हा तरी ठेवा. तर म्हणतो, तुमचा मुलगा दाढी करतो बाई, डॉक्टरनं काप बघितलाय. तू चल. तू सांग, याच्या गालाला वस्तरा कधी लागलाच नाही. न्हाव्याच्या घरचं ऐकतील.

न्हाव्याची लेक : लागलाय, काकू.

बारक्याची आई : काय?

न्हाव्याची लेक : माझाच. मुद्दाम कापलं मी. तो बिचारा नुसती दाढी मागत होता. कापाची अक्कल माझी.

बारक्याची आई : थोरल्याची बातमी आली तेव्हा रात्रभर माझ्या उशाशी बसली होतीस तू.

न्हाव्याची लेक : हो.

बारक्याची आई : आणि तरी?

न्हाव्याची लेक : चौकातली भाषणं ऐकून माझंही डोकं फिरलं होतं. वस्तरा हातात आला, तर वाटलं, आपण मोठे झालो.

बारक्याची आई : भाषणं! त्या भाषण ठोकणाऱ्यांची पोरं कुठायत विचार. एक तरी गेलंय का मरायला? आमचीच दिसतात मेल्यांना. आणि तू... तुला मी कडेवर खेळवलंय गं.

न्हाव्याची लेक : मारा मला. पण वाटेत मारा. चला, साहेबाला हे जसंच्या तसं सांगते.

बारक्याची आई : दुकानाला टाळं ठोकतील. तुला आत टाकतील.

न्हाव्याची लेक : टाकू देत.

बारक्याची आई : ऐकतीलच असंही नाही. माणसं कमी पडतायत त्यांना.

न्हाव्याची लेक : तरी सांगणार.

बारक्याची आई : आणि तो? चारचौघांत त्याला तोंडघशी पाडलंस, तर जन्मात तुझं तोंड बघायचा नाही.

न्हाव्याची लेक : नाही बघितलं तर नाही. म्हातारा होऊ दे, दात पडू देत, आणि बोळक्या तोंडानं रोज शिव्या घालू दे मला. चला ना काकू!

बारक्याची आई : थांब. पायात चपला घाल.