आयव्हीची बाजू

आजच्या निरोप समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या लॅक्सन चित्रपट मंडळाचे सर्वांत जुने सभासद मिस्टर क्लिफर्ड राउंड, डुगडुगत्या खुर्चीवर मघापासून तोल सांभाळून बसलेल्या उपमहापौर मिसेस पेंडल, चॅपलचं हे सभागृह आपल्याला इतकी वर्षं वापरू देणारे आणि आपले वाद निमूटपणे ऐकून घेणारे रेव्हरंड हॉल, मंडळाचे आजी-माजी पदाधिकारी, आणि हीटर बंद असल्यामुळे अंगातले कोट न काढता बसलेल्या माझ्या रसिक बंधुभगिनींनो,

ज्यांना निरोप द्यायला आपण जमलो आहोत, ते एडगर टन्स्टल अजून आलेले नाहीत. त्यांची मुलगी जनेट हिचा निरोप आहे, की बाबांना टाय सापडत नाहीये, थोडा उशीर होईल. सत्कारमूर्तीच्या आधी भाषण सुरू करणं शिष्टाचाराला धरून नाही, हे मला कळतं. पण मी मुद्दामच सुरू करते आहे. ते दारातून आत यायच्या आधी काही गोष्टी तुमच्या कानांवर घालायला हव्यात, विशेषतः नव्या सभासदांच्या आणि पाहुण्यांच्या. मेव्हिस, तू खिडकीशी बसली आहेस ना? जनेटची निळी गाडी दिसली की हात वर कर. मी लगेच विषय बदलीन.

हर्बर्ट लॅक्सन आपल्या मोरकॅमचा. मासेवाल्याच्या दुकानावरच्या खोलीत जन्मला, लंडनला जाऊन मोठा झाला, आणि प्रेक्षकांचा श्वास रोखून धरणारे सिनेमे काढून जगाची झोप उडवून गेला. त्याच्या नावाची पाटी आपण चुकून शेजारच्या घराला लावून बसलो, ती गोष्ट वेगळी. पण त्याच्या वाढदिवसाला, नोव्हेंबरात, याच सभागृहात मटण-बटाट्याचं हॉटपॉट आणि लाल कोबीचं लोणचं खाऊन आपण दर वर्षी एकच वाद घालतो. लॅक्सनचा सर्वांत चांगला सिनेमा कोणता, आणि उगाच डोक्यावर घेतलेला कोणता?

आपल्याकडे या वादाचे दोन रिवाज आहेत. पहिला असा, की हात वर करून मतं मोजायची आणि जो हरेल त्याने पुढच्या वर्षी जिंकणाऱ्याची बाजू मांडायची. म्हणजे ज्या सिनेमाला वर्षभर नावं ठेवली, त्याचेच गोडवे गायचे. दुसरा रिवाज या सभागृहामुळे पडला. इथे मागच्या रांगांना काही म्हणजे काही ऐकू जात नाही. त्यामुळे खालून कोणीही काही बोललं, की माइकवर जो असेल त्याने ते शब्द जसेच्या तसे पुन्हा म्हणायचे. पटोत न पटोत.

एडगर आणि त्याची बायको आयव्ही हे या वादाचे दोन पैलवान. एडगरने जन्मभर किनाऱ्यावरच्या रोषणाईचे दिवे दुरुस्त केले. त्याचा लाडका सिनेमा 'धक्क्यावरचा दिवा'. सगळं जग ज्याला लॅक्सनचं शिखर म्हणतं, तो. दिवा कोणी विझवला, हे त्यात अगदी शेवटच्या दृश्यापर्यंत कळत नाही. आयव्ही पाहुण्यांसाठी खाणावळ चालवायची. तिचा जीव 'दुसरं ताट' या सिनेमावर. त्यात सुरुवातीलाच आपल्याला दिसतं, की भाडेकरूने घरमालकाला समुद्रात लोटून मारलं. आपल्याला कळतं, पण त्याच्या बायकोला माहीत नसतं. ती रोज नवऱ्याचं ताट मांडते आणि समोर बसून तो भाडेकरू मुकाट्याने जेवतो.

आयव्ही म्हणायची, "अहो, तुमचा तो दिवा एकदा पाहिला की संपला. गार झालेल्या चहासारखा. दुसऱ्यांदा तोंडाला लावून बघा. लॅक्सनची खरी हुशारी 'ताटा'त आहे. बघणाऱ्याला सगळं आधी सांगून टाका. मग बघा, त्या बाईने नुसता चमचा ठेवला तरी पोटात कसा खड्डा पडतो ते."

यावर एडगर उठायचा. "हिला गुपित ठेवता येत नाही, म्हणून हिला गुपिताचा सिनेमा आवडत नाही. ख्रिसमसला मला काय मिळणार, ते ऑक्टोबरातच सांगून टाकते."

"आणि हा दिवेवाला म्हणून दिव्यावर भाळलाय. उद्या लॅक्सनने नळावर सिनेमा काढला असता, तर तो प्लंबरला आवडला असता."

मी आयुष्यभर या गावाचे केस कापले. कात्रीखाली माणसं खरं बोलतात. आयव्ही माझ्या खुर्चीत बसून म्हणायची, "बेरिल, हरल्याचं वाईट वाटत नाही गं. पण पुढच्या वर्षी एडगरचं म्हणणं मांडायला मी बसते ना, तेव्हा त्याचं बरंचसं पटायला लागतं. मग स्वतःचाच राग येतो." अशी आलटून पालटून एकमेकांची बाजू मांडत ती दोघं म्हातारी झाली. सुखी संसार कशाला म्हणतात, असं मला कोणी विचारलं तर मी आणखी काय सांगणार?

दोघांच्या शेवटच्या वादात आयव्ही जिंकली. म्हणजे पुढच्या नोव्हेंबरात तिची बाजू मांडायची पाळी एडगरची. आणि मार्चमध्ये आयव्ही गेली. स्वयंपाकघरात, केटली चढवलेली असताना.

ती गेल्यावर आम्हाला कळलं, की एडगरला विसर पडायला लागून बरेच दिवस झाले होते. आयव्हीने ते कोणाला समजूच दिलं नव्हतं. तो बोलता बोलता अडला, की ती त्याचं वाक्य पुरं करायची, आणि आम्ही म्हणायचो, काय ही बाई, नवऱ्याला बोलू म्हणून देत नाही. माझी मैत्रीण असून माझ्याही लक्षात आलं नाही, याचं मला फार दुःख आहे.

नोव्हेंबरात एडगर वादाला उभा राहील, असं आम्हाला वाटलं नव्हतं. तो राहिला. त्याने आयव्हीची बाजू मांडली, तिच्या शब्दांत, तिच्या ठसक्यात. स्वतःलाच म्हणाला, "हा दिवेवाला म्हणून दिव्यावर भाळलाय." सभागृह पोट धरून हसलं. भाषण संपवून तो शेजारच्या खुर्चीकडे वळला आणि म्हणाला, "हं, आता बोल की, आयव्ही. आज एवढी गप्प का?"

क्लिफर्ड अध्यक्षस्थानी होता. क्लिफर्ड सरळ माणूस, आयुष्यात त्याने स्वतःचं वयही कोणाला खोटं सांगितलं नाही. तो खाली उतरला, एडगरचा हात धरला आणि खरं काय ते त्याला सांगितलं. एडगरने हात सोडवून घेतला. मग म्हणाला, "आणि मला कोणी सांगितलं नाही?"

पुढच्याच आठवड्यात मासे-चिप्सच्या दुकानासमोरच्या रांगेत त्याने पुन्हा आयव्हीबद्दल विचारलं आणि क्लिफर्डने पुन्हा सांगितलं. त्या दिवशी एडगर तिथेच फुटपाथच्या कडेला बसला आणि लहान मुलासारखा रडला. क्लिफर्ड, तुझा दोष नाही रे. तुझ्या जागी कोणीही असता तरी त्याची पंचाईतच झाली असती.

मग मंडळाने जे मंडळाला जमतं तेच केलं. वाद घातला. एडगरला खरं सांगायचं, की नाही? क्लिफर्ड म्हणाला, "खोटं ते खोटंच. मित्राशी तर मी मुळीच बोलणार नाही." रेव्हरंड हॉल यांनी घसा खाकरला आणि प्रवचन न देता सगळ्यांना चहा ओतला, त्याबद्दल मी त्यांची ऋणी आहे. शेवटी जनेट म्हणाली, "बेरिल मावशी, माझी आई एकदा गेली. बाबांची बायको रोज जाते. त्यांना रोज नव्याने विधुर करू नका."

तेव्हा असं ठरलं. एडगरने विचारलं, तर म्हणायचं, आयव्ही आत चहाचं बघतेय. इतकी वर्षं वाद संपला की ती आतच असायची, त्या मोठ्या चहाच्या भांड्यापाशी, तेव्हा हे फारसं खोटंही नाही. क्लिफर्डने विरोध नोंदवला. उद्या जनेट वडिलांना आपल्याबरोबर नॉरिचला नेते आहे. तिथे समुद्र नाही, आयव्हीला ओळखणारं कोणी नाही. म्हणून आजची संध्याकाळ तरी त्याची सुखात जावी, एवढंच मला...

मेव्हिसचा हात वर झाला आहे.

तर मंडळी, लॅक्सनच्या सिनेमांतलं छायाचित्रण हा एक स्वतंत्र विषय आहे, आणि त्यावर... या, या, एडगर! टाय सापडला वाटतं. जनेट, त्यांना इकडे पुढे बसव. मंडळी, उभं राहून टाळ्या वाजवताय, छान. एडगर, हे सगळे तुझ्यासाठी आले आहेत. हो, मिसेस पेंडलसुद्धा. नाही, त्या लॅक्सनच्या कोणी नाहीत, उपमहापौर आहेत.

मंडळाच्या वतीने मिसेस पेंडल आता एडगर टन्स्टल यांना ही लोकरीची शाल देतील. नॉरिचला वारा बोचरा असतो म्हणे. बसूनच घे, एडगर, उठू नकोस.

काय म्हणालास? थांब, मागे ऐकू गेलं नसेल. एडगर म्हणतो आहे, "माझी पाळी आहे." अरे, आज वाद नाही, आज तुझा निरोप... बरं. बरं बाबा. अध्यक्षांची परवानगी आहे. बोल तू, मी मागच्यांना सांगते.

एडगर म्हणतो, "यंदा आयव्हीची बाजू माझ्याकडे आहे. आयव्हीचं म्हणणं असं, की बघणाऱ्यांना सगळं आधी सांगून टाकावं."

"म्हणून मी आधीच सांगतो."

एडगर म्हणतो...

क्षमा करा. पाणी देता का कोणी? नको, क्लिफर्ड, माइक माझ्याकडेच राहू दे. रिवाज तो रिवाज.

एडगर म्हणतो, "आयव्ही गेली. आत्ता मला ते माहीत आहे. आज टाय शोधताना तिचं कपाट उघडलं, ते रिकामं होतं, तेव्हा आठवलं. थोड्या वेळाने आठवणार नाही. मग मी तुम्हाला विचारीन, ती कुठे आहे. तुम्ही सगळे माझ्याकडे बघाल आणि तुमच्या पोटात खड्डा पडेल. तो पडू नये म्हणून नाही सांगत. तुम्हाला माहीत असावं म्हणून सांगतो. हे ओझं एकट्या क्लिफर्डवर नको."

"मला मात्र सांगू नका. माझ्यापुरता 'धक्क्यावरचा दिवा'च चालू द्या."

"आणि तो उगाच डोक्यावर घेतलेला सिनेमा आहे. आयव्हीचं बरोबर होतं. हे तिला सांगू नका, डोक्यावर बसेल."

हसा, मंडळी. तो तुम्हाला हसवायलाच म्हणाला. बस, एडगर. जनेट, त्यांच्या पायांवर शाल नीट घाल.

अध्यक्ष मला खुणावत आहेत, की मतं घ्या. रिवाजाप्रमाणे घेते. 'दुसरं ताट' हा हर्बर्ट लॅक्सनचा सर्वांत चांगला सिनेमा आहे, असं वाटणाऱ्यांनी हात वर करावेत. रेव्हरंड, तुम्हीही? मिसेस पेंडल, तुम्ही तर पाहिलेलाही नाही. राहू द्या, राहू द्या वर. मोजायची गरज दिसत नाही.

आता माझं काम आभाराचं. अध्यक्षांचे आभार. मिसेस पेंडल यांनी वेळात वेळ काढला, त्यांचे आभार. हॉटपॉट करणाऱ्या मेव्हिसचे आणि तिच्या बहिणीचे आभार, कोबीचं लोणचं या वर्षी विशेष जमलं होतं. जनेट, तुझे आभार कोणत्या शब्दांत मानू? बाबांना कधीमधी समुद्र दाखवायला आणत जा. आणि एडगर, तुझे... आम्हाला तुझी फार आठवण येईल रे. यापेक्षा सजवून मला नाही सांगता येत.

हो, एडगर? काय? मोठ्याने बोल.

मागच्या रांगांसाठी पुन्हा सांगते. एडगर विचारतो आहे, आयव्ही कुठे दिसत नाही ती?

मी... अध्यक्ष उठलेत. क्लिफर्ड, तू? बोल.

मागच्यांना ऐकू आलं नसेल, म्हणून अध्यक्षांचे शब्द जसेच्या तसे सांगते. अध्यक्ष म्हणतात, "आयव्ही आत चहाचं बघतेय, एडगर. येईलच."

आणि एडगर म्हणतो आहे, "तिला म्हणावं, घाई नको. इथे मंडळी छान आहेत."

तेव्हा मंडळी, वेळ बराच झाला. आपण शांतपणे ऐकून घेतलंत, त्याबद्दल मी आपली आभारी आहे. बोलण्याच्या भरात माझ्याकडून काही कमीजास्त बोललं गेलं असेल, आणि या व्यासपीठावरून कोणी आज आयुष्यात पहिल्यांदाच खोटं बोललं असेल, तर आपण सर्वांनी, आणि आयव्हीने, मोठ्या मनाने क्षमा करावी. चहा तयार आहे.